अंगणातील अमानत



सूरह यूसुफ आपल्या घराघरांत मोठ्या आवडीने वाचली जाते. भावांनी ह. यूसुफ (अलै.) यांच्याविरुद्ध कट रचला आणि त्यांना सोबत नेऊ देण्यासाठी पित्याला गळ घातली, हा प्रसंग लहान मुलांनाही ठाऊक असतो. परंतु पित्याचे मन वळवण्यासाठी त्यांनी कोणते निमित्त पुढे केले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्यांनी व्यापाराचे नाव काढले नाही, शिकारीचे काढले नाही की गुरे राखण्याचेही काढले नाही. सूरहच्या १२व्या आयतीत ते जे म्हणतात त्याचा आशय असा की, उद्या यूसुफला आमच्याबरोबर धाडा. तो मोकळेपणाने खाईल-पिईल आणि खेळेल. कपट करणारा माणूस समोरच्याचे मन नीट ओळखून बोलत असतो. लेकराचे खेळणे आपल्या पित्याला प्रिय आहे आणि या कारणाला ते सहजासहजी नकार देणार नाहीत, हे त्या भावांना पुरेपूर माहीत असावे.

आता पित्याचे उत्तर पाहा. ह. याकूब (अलै.) स्वतः पैगंबर, पैगंबराचे पुत्र आणि पैगंबराचे नातू. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. तुम्ही त्याला घेऊन गेलात तर मला दुःख होईल, ही पहिली; आणि तुमचे लक्ष नसताना त्याला लांडगा खाऊन टाकेल अशी भीती वाटते, ही दुसरी. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, पैगंबराच्या घरातील मुलाला तो शोभत नाही, असे ते म्हणाले नाहीत. वैध खेळाची चर्चा करताना आपल्या भाष्यकारांनी या आयतीचा आधार घेतला आहे, तो यामुळेच.

मला मात्र त्या उत्तराचा पहिला भाग अधिक विचार करायला लावतो. मूल एका दिवसापुरते नजरेआड होणार होते आणि पित्याला तेवढ्यानेही त्याची उणीव भासणार होती. आपल्या घरात मूल दुपारभर दिसले नाही तर आईला कळते, दादीला कळते. वडिलांना कळते का? हा प्रश्न प्रत्येक पित्याने स्वतःलाच विचारावा. उत्तर मला कळवण्याची गरज नाही.

इमाम या नात्याने माझ्याकडे पालक येतात. बहुतेक वेळा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असतो आणि वडील त्याला हाताला धरून आणतात. "मौलाना, याला समजवा, माझे ऐकत नाही." मी मुलाला बाहेर बसायला सांगतो आणि वडिलांना एकच विचारतो की, काही काम नसताना, काही विचारायचे नसताना, आपण याच्यासोबत शेवटचे कधी बसलात? गृहस्थ सज्जन असतात, कष्टाळू असतात, पाचही वेळा मशिदीत दिसतात. ते आठवू लागतात आणि मग गप्प होतात. त्या मुलाला वडिलांचा आवाज माहीत असतो तो प्रश्नांतून: नमाज पढली का? सबक झाला का? फी भरल्याची पावती कुठे आहे? प्रश्न सगळे योग्य आहेत. पण ज्या घरात पित्याचा आवाज केवळ तपासणीसाठी उमटतो, त्या घरात मूल पित्याला पाहून सावध होते; जवळ येत नाही.

आपल्या मराठी भाषेत दोन क्रियापदे आहेत, खेळवणे आणि खेळणे. मुलाला खेळवणे म्हणजे ते रडू नये, कामात अडथळा आणू नये म्हणून त्याला गुंतवून ठेवणे. हे काम आई करते, आजी करते, थोरली बहीण करते आणि अलीकडे मोबाइलही करतो. मुलाबरोबर खेळणे ही निराळी गोष्ट आहे. त्यात मोठ्या माणसाला खाली बसावे लागते, हात मातीत घालावे लागतात, कधी हरावेही लागते. आपल्यातील अनेकांना हे कमीपणाचे वाटते. वस्तुतः मोठेपणाची आपली कल्पनाच तपासून पाहण्यासारखी आहे. ह. अकरअ बिन हाबिस (रजि.) हे तमीम कबिल्याचे सरदार. प्रेषित मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) आपले नातू ह. हसन (रजि.) यांचे चुंबन घेत असल्याचे पाहून ते आश्चर्याने म्हणाले की, मला दहा मुले आहेत, पण त्यांपैकी एकाचेही मी कधी चुंबन घेतलेले नाही. प्रेषितांनी (स.) त्यांच्याकडे पाहिले आणि सांगितले की, जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. सरदारकी आणि दहा मुले या दोन्ही गोष्टी त्या क्षणी तराजूत हलक्या ठरल्या.

कोणी म्हणेल, पवित्र कुरआन तर ऐहिक जीवनाला खेळ आणि करमणूक म्हणतो, मग खेळाची महती कशाला गावी? शंका रास्त आहे. त्या आयती प्रौढ माणसाच्या गाफीलपणाविषयी आहेत. संपत्ती, संतती आणि बडेजाव यांच्या चढाओढीत जो परलोक विसरतो, त्याचे सगळे आयुष्यच खेळ ठरते, मग तो दिवसभर दुकानात गंभीर चेहऱ्याने बसलेला का असेना. पाच वर्षांच्या मुलाने मातीचा किल्ला केला तर त्यात परलोकाचा विसर कोठे आला? आणि त्याला माती भिजवून देणारा पिता गाफील नसतो, तो आपल्यावर सोपवलेली अमानत सांभाळत असतो. सहीह मुस्लिममध्ये ह. हन्जला (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषितांच्या (स.) बैठकीत स्वर्ग-नरक जणू डोळ्यांसमोर दिसतात, आणि घरी जाऊन बायको-मुलांत व कामधंद्यात मिसळलो की बरेचसे विसरायला होते, म्हणून त्यांना स्वतःच्या श्रद्धेचीच शंका आली. ह. अबू बकर (रजि.) यांनाही तोच अनुभव होता. दोघे प्रेषितांकडे (स.) गेले. घरातील वेळ कमी करा असे त्यांना सांगण्यात आले नाही. एक वेळ याची असते, एक वेळ त्याची असते, असे सांगून प्रेषितांनी (स.) त्यांचे समाधान केले आणि ही गोष्ट तीनदा उच्चारली.

सहीह बुखारीच्या ज्ञानविषयक प्रकरणात एक अगदी छोटी हदीस आहे. मदरशात ती आम्ही शिकलो तेव्हा चर्चा झाली ती हदीसशास्त्राच्या अंगाने. तिच्यातील अंगण माझ्या लक्षात आले ते स्वतः बाप झाल्यावर. ह. महमूद बिन रबीअ (रजि.) हे मदीनेचे अन्सारी. ते सांगतात की, मी पाच वर्षांचा असताना प्रेषितांनी (स.) आमच्या घरच्या विहिरीच्या डोलातून पाणी तोंडात घेतले आणि ते माझ्या चेहऱ्यावर उडवले, हे मला आठवते. हदीस एवढीच. त्यात कोणता आदेश नाही, कोणता निषेध नाही. इमाम बुखारी (रह.) यांनी ती ज्या मथळ्याखाली घेतली आहे त्याचा विषय आहे, लहान मुलाने ऐकलेले-पाहिलेले कोणत्या वयापासून ग्राह्य धरावे. पुढे हदीसवेत्त्यांनी याच आठवणीच्या आधारे पाच वर्षे ही किमान मर्यादा मानण्याचा प्रघात पाडला. इमाम नववी (रह.) यांनी या हदीसच्या विवेचनात नोंदवले आहे की, यातून मुलांशी लडिवाळपणे वागणे, त्यांची भीड मोडणे, त्यायोगे त्यांच्या वडिलांचा मान राखणे आणि निर्दोष थट्टामस्करी करणे या गोष्टी सिद्ध होतात.

जरा थांबून या प्रसंगाकडे पाहू या. घरी अल्लाहचे प्रेषित (स.) आले आहेत. त्या भेटीत मोठ्या माणसांशी काही बोलणेही झाले असेल. त्यातले पाच वर्षांच्या मुलाला काय उरले? चेहऱ्यावर उडालेले गार पाणी. त्याला किती वेळ लागला असेल? एका श्वासाएवढा. खर्च काय आला? विहिरीचे घोटभर पाणी. आणि ती आठवण टिकली किती? ह. महमूद (रजि.) मोठे झाले, वृद्ध झाले, पुढच्या पिढीला हदीस सांगू लागले. ह. इतबान बिन मालिक (रजि.) यांच्या घरी प्रेषितांनी (स.) नमाज पढल्याची प्रसिद्ध हदीस त्यांच्याकडून आली आहे; तिच्या सुरुवातीलाही त्यांची ओळख करून दिली जाते ती याच पाण्याच्या आठवणीने. घरच्या विहिरीवरची एक मस्करी हदीसच्या ग्रंथांत त्यांची ओळख होऊन बसली.

मुलाची स्मृती कशी असते, हे यावरून समजते. आपण त्याला काय सांगितले ते ते विसरते. आपण त्याच्यासोबत काय केले ते त्याच्याजवळ राहते.

नमाजच्या बाबतीत मुलांना सातव्या वर्षी आज्ञा करावी, असे हदीसमध्ये आले आहे. हा सातवा आकडा आपण सगळे उद्धृत करतो. पण त्याच्या आधीच्या वर्षांत पित्याने काय करायचे? शरीअतने ती वर्षे आज्ञेपासून मोकळी ठेवली आहेत. ती रिकामी आहेत असे समजून आपण मूल आईच्या स्वाधीन करतो आणि सातव्या वर्षी अचानक आज्ञा घेऊन उभे राहतो. मूल आज्ञा ऐकते कोणाची? ज्याच्या पाठीवर बसून ते घोडा-घोडा खेळले त्याची. एक वचन आपल्याकडे फार सांगितले जाते, की सात वर्षे मुलांशी खेळा, सात वर्षे शिकवा, सात वर्षे मित्र व्हा. आशय चांगला आहे, मात्र ती प्रेषितांची (स.) हदीस म्हणून सांगू नये, तशी ती सिद्ध नाही. सिद्ध असलेली उदाहरणे आपल्याकडे इतकी आहेत की असिद्ध वचनाची उसनवारी करण्याचे कारणच उरत नाही.

सुनन नसाईत आहे की, एकदा प्रेषितांनी (स.) जमाअतच्या नमाजमध्ये सजदा इतका लांबवला की, काही घडले तर नाही ना, अशी लोकांना शंका आली. नमाजनंतर विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, माझा मुलगा माझ्या पाठीवर बसला होता आणि त्याचे मन भरण्याआधी त्याला घाईने उतरवणे मला बरे वाटले नाही. तो मुलगा म्हणजे त्यांच्या दोन नातवांपैकी एक होता. बुखारी व मुस्लिममध्ये ह. अबू कतादा (रजि.) यांचे कथन आहे की, नात उमामा (रजि.) यांना खांद्यावर घेऊन प्रेषितांनी (स.) नमाज पढवली, सजद्याला जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. खुतबा चालू असताना लाल सदरे घातलेले दोन्ही नातू अडखळत येताना दिसले, तेव्हा ते मिंबरवरून खाली उतरले आणि त्यांना उचलून आणले. मशिदीत मूल हसले की मागून "श्श्" करणाऱ्या आमच्या बुजुर्गांना मी आदराने ही हदीस ऐकवत असतो.

यातील उमामा (रजि.) यांचे उदाहरण मुद्दाम लक्षात घ्यावे. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की अनेक वडील तिच्याशी बोलणेच कमी करतात आणि याला हया समजतात. प्रेषितांची (स.) कन्या ह. फातिमा (रजि.) संसारी स्त्री होत्या, तरी त्या आल्या की प्रेषित (स.) उठून उभे राहत, त्यांचे चुंबन घेत आणि आपल्या जागी त्यांना बसवत. लेकीशी अबोला धरण्याला शरीअतमध्ये हया म्हणत नाहीत.

आता खेळण्यांविषयी. बाजारात जे मिळते त्याला माझा विरोध नाही. पण घरी केलेल्या खेळण्याला आपल्या परंपरेत जी जागा आहे ती कितीजणांना ठाऊक आहे? आशूऱ्याचा रोजा मुलांनाही ठेवायला लावत असत, तेव्हाची गोष्ट ह. रुबय्यिअ (रजि.) सांगतात. सहाबी स्त्रिया मुलांसाठी लोकरीची खेळणी करून ठेवत आणि मूल भुकेने रडू लागले की इफ्तारपर्यंत ते खेळणे त्याच्या हाती देत. म्हणजे इबादतीच्या तयारीत खेळणे तयार करणे हेही एक काम होते. सुनन अबू दाऊदमध्ये ह. आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमधील एका घोड्याचे वर्णन आहे. त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले होते. प्रेषितांनी (स.) विचारले, हे काय? घोडा. आणि त्याच्यावर हे काय? पंख. घोड्याला पंख? तेव्हा त्या म्हणाल्या की, ह. सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही का? यावर प्रेषित (स.) मनापासून हसले, इतके की त्यांच्या दाढा दिसल्या. प्रश्नांचा क्रम पाहा. त्यांनी चूक काढली नाही, ते विचारत गेले आणि समोरच्याला उत्तर सुचू दिले. घोड्याला पंख नसतात, हे सांगून मोकळे होणे किती सोपे होते.

आपल्या कोकणातील घरांना परस आहे आणि परसात काय नाही? नारळाच्या दोन करवंट्या घ्या. एका करवंटीला डोळा असतोच. दुसरीला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा. सुंभाचा किंवा सुतळीचा एक लांब तुकडा दोन्हींतून ओवून आतून गाठ मारा. करवंट्या पालथ्या ठेवून त्यांवर पाय द्यायचे, दोरी अंगठा व बोट यांच्या बेचक्यात धरून हातांनी वर ताणायची आणि टकटक चालायचे. मूल चार पावलांत पडते, पाचव्या वेळी सांभाळते. तुम्हीही एकदा चालून पाहा, मुले पोट धरून हसतील. माडाच्या वाळलेल्या झावळीवर धाकट्याला बसवून अंगणभर ओढा. झावळीच्या पातीचे भिरभिरे करून हिराच्या टोकाला लावा आणि वाऱ्याच्या दिशेने पळा. दोन रिकाम्या डब्यांच्या बुडाला भोक पाडून त्यांत लांब दोरा बांधला की टेलिफोन होतो. दोरा ताणलेला असेल तरच आवाज पोहोचतो, सैल पडला की काही ऐकू येत नाही. हे मुलाने तुम्हाला शोधून सांगावे, तुम्ही त्याला आधी सांगू नये. पावसाळ्यात पागोळ्यांच्या पाण्यात कागदी होड्या आहेतच. फणसाच्या किंवा आंब्याच्या जाड फांदीला झोका बांधताना आधी स्वतः बसून पाहा, ह. याकूब (अलै.) यांनी लांडग्याचा विचार केला होता, आपण फांदीचा करावा.

बांबूच्या कामठीचे धनुष्य आणि बोथट टोकाचा हीर एवढ्यावर तिरंदाजीही होते. अस्लम कबिल्यातील लोक तिरंदाजी करत होते तेथून जाताना प्रेषित (स.) थांबले, त्यांना उत्तेजन दिले आणि आपण एका गटाच्या बाजूने असल्याचे सांगितले. तशी दुसऱ्या गटाने बाण सोडणे थांबवले. ज्यांच्याविरुद्ध प्रेषित (स.) आहेत ते कसे खेळणार? तेव्हा ते म्हणाले की, चालू द्या, मी तुम्हा सर्वांच्या बाजूने आहे. दोन मुलांबरोबर खेळणाऱ्या पित्याला याहून उत्तम धडा मिळणार नाही. संततीमध्ये न्याय करा, ही प्रेषितांची (स.) ताकीद मालमत्ता देण्याच्या प्रसंगाने आली आहे, पण ज्या मुलाच्या चेंडूला आपण नेहमी टाळ्या वाजवतो आणि ज्याच्या नाही, त्या दोघांनाही हिशेब बरोबर ठाऊक असतो.

खेळाला मर्यादा आहेत आणि त्या खेळता खेळताच शिकवाव्यात. अंगठा व बोटाने खडे भिरकावण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, कारण त्याने ना शिकार होते ना शत्रू जखमी होतो, मात्र दात तुटतो, डोळा फुटतो. आपल्या मुलांच्या हातातील गलोल याच नियमात बसते. पक्ष्याला बांधून त्याच्यावर नेम धरणाऱ्या तरुणांना पाहून ह. इब्ने उमर (रजि.) यांनी, सजीवाला लक्ष्य करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) शापित म्हटले असल्याचे सांगितले. म्हणून नेम धरायचा तो कुंपणावरच्या डब्यावर. गोट्यांचा खेळ चांगला, पण जिंकलेल्या गोट्या कायमच्या खिशात घालण्याची पद्धत जुगाराच्या वळणाची आहे. खेळ संपला की ज्याच्या त्याला परत, असा घरचा नियम करावा. एवढ्याशा नियमातून हलाल-हरामची जी समज येते ती नुसत्या तोंडी पाठाने येत नाही. आणि मगरिबची अजान झाली की खेळ तेथेच थांबतो. पित्यासोबत खेळणारे मूल पित्यासोबतच हातपाय धुऊन वुजूला बसते. त्याला वेगळी हाक मारावी लागत नाही. इमाम गजाली (रह.), ज्यांचे निधन हिजरी ५०५ मध्ये झाले, त्यांनी 'इह्याउ उलूमिद्दीन'मध्ये मुलांच्या संगोपनावर लिहिताना स्पष्ट केले आहे की, मक्तबमधून आल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, खेळापासून रोखून सतत अभ्यासाचे ओझे लादले तर त्याचे मन मरते आणि बुद्धी मंदावते. हे मत कोणा आधुनिक मानसशास्त्रज्ञाचे नाही, हे आमच्या काही कडक शिस्तीच्या शिक्षकांनीही ध्यानात घ्यावे.

एक सावधगिरी मात्र खुद्द पित्यासाठी आहे. "संध्याकाळी खेळू" असे म्हटले तर संध्याकाळी खेळावे. ह. अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने, ये, तुला काही देते, असे म्हणून बोलावले. प्रेषित (स.) तेथे बसले होते. काय देणार होतीस, असे त्यांनी विचारले. खजूर, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी सांगितले की, काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक असत्य लिहिले गेले असते. एका खजुराची ही गोष्ट आहे. आपण मुलांना दिलेल्या संध्याकाळी मोजायला बसलो तर?

वेळ कोठून आणायचा, असे विचारणारे खरोखर थकलेले असतात, याची मला जाणीव आहे. भिवंडीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला अंगणात धाव असे सांगणे सोपे नाही, आणि त्याच्या खोलीला अंगणही नसते. त्याने धावू नये. चटईवर आडवे पडावे आणि मुलाला पोटावर बसू द्यावे, काडेपेट्यांची आगगाडी पाठीवरून जाऊ द्यावी. मालेगावात जुम्म्याला माग बंद असतात. असरनंतरचा तासभर तरी चौकातल्या गप्पांतून काढता येतो. मुंब्रा किंवा कोंढव्याच्या इमारतीत गच्ची असते. दहा मिनिटे पुरेत, मात्र त्या दहा मिनिटांत मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा.

सर्वांत कठीण प्रश्न आहे तो आखातात असलेल्या वडिलांचा. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यात क्वचितच एखादी वाडी अशी असेल की जेथील कोणी कुवेत, दोहा किंवा दुबईला नाही. दीड-दोन वर्षांनी माणूस घरी येतो. बॅग उघडते, रिमोटवर चालणारी मोटार निघते, चॉकलेट निघतात. आणि तीन वर्षांचे मूल आईच्या ओढणीमागे लपते. "अब्बा आहेत ते, जा ना!" सगळे हसतात, अब्बाही हसतात, पण रात्री त्यांना झोप लागत नाही. असे कितीतरी जण फजरनंतर मशिदीच्या पायरीवर माझ्याशी बोलले आहेत. ज्यांच्यासाठी आपण उन्हात राबतो त्यांनाच आपण परके, हे दुःख शब्दांत मांडणे त्यांना जमत नाही. त्यांच्या कष्टाच्या कमाईला कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. कुटुंबावर खर्च केलेल्या दीनारला प्रेषितांनी (स.) सर्वाधिक पुण्याचा दीनार म्हटले आहे. या बंधूंना मी एवढेच सांगतो की, मुलाला ओढून मांडीवर घेऊ नका. परसात जा, त्याच्याकडे न पाहता करवंटीला भोक पाडायला बसा. पहिल्या दिवशी ते लांबून पाहील. दुसऱ्या दिवशी विचारील, हे काय? येथे पंखांच्या घोड्याची हदीस आठवा आणि उत्तर त्यालाच सुचू द्या. सुट्टीचे दिवस पाहुणचारात, जमिनीच्या कागदपत्रांत आणि लग्नांच्या दावतींत संपतात. सकाळचा एक तास अंगणाच्या नावाने आधीच राखून ठेवा. परत गेल्यावर व्हिडिओ कॉलवर अभ्यास विचारण्याऐवजी तो झोका अजून करकरतो का, भोपळ्याच्या वेलाला फूल आले का, हे विचारा. मूल फोन घेऊन परसात पळेल.

प्रवासाहून परतण्याची प्रेषितांची (स.) एक रीत सहीह मुस्लिममध्ये आली आहे. ते मदीनेला परतत तेव्हा घरातील मुलांना त्यांच्या स्वागताला नेले जाई. ह. अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) सांगतात की, एकदा मला आधी नेण्यात आले, तर त्यांनी मला सवारीवर आपल्या पुढे बसवले. मग ह. फातिमा (रजि.) यांच्या दोन मुलांपैकी एकाला आणले गेले, त्याला मागे बसवले. अशा प्रकारे एकाच सवारीवर आम्ही तिघे मदीनेत शिरलो. घरी पोहोचण्याआधी, सामान उतरण्याआधी, मुले.

हे अब्दुल्लाह (रजि.) म्हणजे ह. जाफर (रजि.) यांचे पुत्र, ज्यांचे वडील हिजरी ८ मध्ये मूताच्या लढाईत शहीद झाले. ती बातमी आल्यावर प्रेषित (स.) त्यांच्या घरी गेले, मुलांना जवळ बोलावले, नंतर त्यांचे केस नीट करण्यासाठी न्हावी बोलावला. आपल्या शेजारातही असे एखादे मूल असते, ज्याचे वडील हयात नाहीत किंवा या वर्षी परत येणार नाहीत. तुम्ही अंगणात आपल्या मुलांबरोबर खेळत असता तेव्हा ते कुंपणाच्या पलीकडे उभे राहून पाहत असते. त्याला नावाने हाक मारा. झोका एकच असेल तर पाळी लावा.